चाललो किती, खावे किती?

सदर : आरोग्याची शिदोरी



हे सदर वाचून आपल्यातल्या कितीतरी जणांनी चालणे सुरू केले आहे, ही आम्हाला मोठी आनंदाची गोष्ट वाटते. अश्दोदच्या समुद्रकाठी सकाळी सहाला मराठीतून गप्पा ऐकू येतात, लोदला आणि बेर शेवाला बागेत आजी-आजोबांची जोडी फेऱ्या मारताना दिसते. छान झालं! पण चालणे सुरू झाले की लगेच दुसरा प्रश्न येतो. "आता आम्ही रोज चालतो, तर मग खायचं किती?" कोणी म्हणतं, चालून आलोय, आता दोन पुऱ्या जास्त खाल्ल्या तर काय बिघडलं? आणि कोणी अगदी उलट! चालणंही सुरू केलं आणि रात्रीचं जेवणही सोडलं, म्हणजे वजन झटपट उतरेल.

या दोघांनाही आज आम्ही एकच गोष्ट सांगणार आहोत : अंदाजाने खाऊ नका, एकदा कागद-पेन्सिल घेऊन हिशोब मांडा. दहा मिनिटांचं काम आहे. गणिताचा कंटाळा येत असेल तर नातवंडांना बसवा, आजचा लेख त्यांच्यासाठीसुद्धा आहे. त्यांना मराठी वाचता येत नसेल तर तुम्ही वाचून दाखवा, बेरीज-गुणाकार ते करतील.

कॅलरी म्हणजे काय?

बालमित्रांनो, चूल पेटवली की लाकूड जळतं आणि उष्णता मिळते. आपलं शरीरही अन्न जाळतं, पण हळूहळू, धूर न काढता. ही उष्णता मोजायचं माप म्हणजे कॅलरी. एक लिटर पाणी एक अंश सेल्सियसने गरम करायला जेवढी उष्णता लागते, तेवढी एक कॅलरी. शास्त्राच्या पुस्तकात तिला किलोकॅलरी म्हणतात. डब्यांवर आणि बोलण्यात जी 'कॅलरी' असते ती हीच.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञाने एक बंद खोली तयार केली. माणसांना त्या खोलीत ठेवून, खायला घालून, व्यायाम करायला लावून, त्यांच्या अंगातून किती उष्णता निघते ते मोजलं. त्याच्या कामातून आलेले आकडे आजही जगभर वापरतात. पिठूळ आणि गोड पदार्थांच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी, प्रथिनांच्या एका ग्रॅमला ४, आणि तेला-तुपाच्या एका ग्रॅमला ९. हा नवाचा आकडा लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम पडणार आहे.

पहिली पायरी : नुसतं पडून राहण्याचा खर्च

आपण दिवसभर पलंगावर पडून राहिलो तरी हृदय चालतं, श्वास चालतो, मेंदू काम करतो. त्याचा खर्च होतोच, आणि बहुतेकांच्या बाबतीत दिवसाच्या एकूण खर्चातला सर्वांत मोठा वाटा त्याचाच असतो. तो काढायचं सूत्र मिफ्लिन, सेंट जिओर आणि त्यांच्या साथीदारांनी १९९० साली प्रसिद्ध केलं. आजही बरेच आहारतज्ज्ञ तेच वापरतात. ते असं आहे :

वजन किलोत घ्या, त्याला १० ने गुणा.
उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, तिला सव्वासहाने (६.२५) गुणा. दोन्हींची बेरीज करा.
वयाला ५ ने गुणा आणि त्या बेरजेतून वजा करा.
मग पुरुषांनी ५ मिळवायचे, बायकांनी १६१ वजा करायचे.

उदाहरण घेऊ या. समजा एक मावशी आहेत. वय ६८, वजन ६४ किलो, उंची १५२ सेंटिमीटर. ६४ गुणिले १० म्हणजे ६४०. १५२ गुणिले सव्वासहा म्हणजे ९५०. बेरीज झाली १५९०. वयाचे ३४० वजा केले, राहिले १२५०. त्यातून १६१ गेले, राहिले १०८९. म्हणजे मावशींनी दिवसभर कूसही बदलली नाही तरी त्यांचं शरीर जवळजवळ १०९० कॅलरी खर्च करतं.

समजा त्यांचे यजमान ७२ वर्षांचे, वजन ७२ किलो, उंची १६६ सेंटिमीटर. त्यांचा आकडा येतो साधारण १४००. पाहिलंत? एकाच घरातली दोन माणसं, पण दोघांत तीनशे कॅलरींचा फरक. म्हणून नवऱ्याच्या ताटाइतकंच बायकोचं ताट, असा हिशोब चालत नाही.

वय का वजा करायचं, असं कोणी विचारील. २०२१ साली 'सायन्स' या नियतकालिकात २९ देशांतल्या ६४०० हून जास्त लोकांचा अभ्यास आला. त्यात दिसलं की शरीराचा आकार हिशोबात धरला तर विशीपासून साठीपर्यंत खर्च जवळपास एकसारखा राहतो, आणि साठीनंतर दर वर्षी पाऊण टक्क्याच्या आसपास कमी होत जातो. म्हणजे चाळिशीत सुटलेल्या पोटाचा दोष वयावर टाकता येणार नाही, पण सत्तरीत भूक कमी झाली तर त्यात नवल नाही.

दुसरी पायरी : उठण्या-बसण्याचा आणि चालण्याचा खर्च

आता वरच्या आकड्याला गुणायचं. दिवस बसूनच जात असेल तर १.२ ने. घरातली कामं आणि आठवड्यातून काही दिवस हलका व्यायाम असेल तर १.३७५ ने. आठवड्यातून बहुतेक दिवस चांगला घाम निघेल असा व्यायाम असेल तर १.५५ ने. आपल्या वयाच्या वाचकांपैकी फार थोडे या तिसऱ्या रांगेत बसतील. उगाच मोठा आकडा घेऊ नका!

मावशी बसून राहिल्या तर १०८९ गुणिले १.२, म्हणजे सुमारे १३०७. घरकाम आणि चालणे धरलं तर १०८९ गुणिले १.३७५, म्हणजे सुमारे १४९७.

हे बरोबर आहे का, ते दुसऱ्या वाटेने तपासून बघू. स्वस्थ बसण्याच्या खर्चाला एक पट म्हटलं, तर सावकाश चालणं अडीच ते तीन पट, जरा जोमाने चालणं साडेतीन पट, सावकाश सायकल चार पट आणि पाण्यात उभं राहून करायचा व्यायाम पाच पटीच्या आसपास. बसून राहण्याची एक पट आपण आधीच मोजली आहे, म्हणून ती वजा करायची. साडेतीन वजा एक, राहिले अडीच. त्याला वजनाने गुणायचं आणि तासाने गुणायचं. मावशी पाऊण तास चालतात : २.५ गुणिले ६४ गुणिले ०.७५, उत्तर १२०.

होय, पाऊण तास चालून फक्त १२० कॅलरी! आठवड्यातून पाच दिवस चालल्या तर ६०० झाल्या. सात दिवसांवर वाटल्या तर रोजच्या ८५ च्या आसपास. १३०७ मध्ये ८५ मिळवले की १३९२. पहिल्या वाटेने १४९७ आले, दुसऱ्या वाटेने १३९२. मधला फरक केर-पोछा, बाजारहाट, जिने यांचा समजा. तेव्हा मावशींनी दिवसाला १४०० ते १५०० च्या दरम्यान खावं, म्हणजे वजन आहे तिथे राहील. यजमान रोज तासभर, आठवड्यातून सहा दिवस चालत असतील, तर त्यांचा आकडा १८५० ते १९०० च्या घरात येतो.

एक सांभाळा. १.३७५ ने गुणून झाल्यावर वर पुन्हा चालण्याच्या १२० मिळवायच्या नाहीत. एकाच चालण्याचे दोनदा पैसे वसूल करण्यासारखं ते होईल. पुष्कळ लोकांचा हिशोब नेमका इथेच चुकतो.

मनगटावरच्या घड्याळावरही फार विसंबू नका. मुलं हौसेने आणून देतात, पावलं मोजायला ती चांगली आहेत. पण २०१७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने अशी सात घड्याळं तपासली, तेव्हा कॅलरींच्या बाबतीत एकही नीट ठरलं नाही. सर्वांत बरं होतं तेसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होतं. घड्याळ म्हणतं ३०० कॅलरी जळाल्या, म्हणून ३०० चा लाडू खाल्ला, तर नुकसान आपलंच.

ताटात काय किती?

हे आकडे साधारण आहेत. प्रत्येकीचा हात वेगळा, वाटी वेगळी.

मध्यम चपाती, तेल न लावता : १०० ते १२०
तांदळाची भाकरी, ६० ग्रॅम पिठाची : २१०
शिजलेला भात, वाटीभर (१५० ग्रॅम) : १९५
पिता, एक (१०० ग्रॅम) : २५० ते २७५
घट्ट वरण, वाटीभर : १५०
तेल, एक मोठा चमचा : १२०
तेखिना, न कालवलेली, एक मोठा चमचा : ९०
ओलं खोबरं, ३० ग्रॅम : १०५
नारळाचं घट्ट दूध, १०० मिलिलिटर : २०० च्या आसपास
अंडं, एक : ७० ते ७५
कॉटेज चीज, ५ टक्क्यांचं, १०० ग्रॅम : ९५
मोठा मेजूल खजूर, एक : ६५
साखर, लहान चमचा : २०
बांबाची ६० ग्रॅमची पिशवी : ३०० हून जास्त

आता चहाचाच हिशोब घ्या. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. आठ चमचे म्हणजे १६० कॅलरी. मावशींचं पाऊण तासाचं चालणं १२० चं होतं. म्हणजे चालणं सगळं चहात बुडालं आणि वर ४० उरले! साखर अर्धी केली तर तेवढ्यानेच ८० वाचतील, आणि चहाही सोडावा लागणार नाही.

दुकानातून आणलेल्या डब्यावर कॅलरी १०० ग्रॅमच्या हिशोबाने लिहिलेल्या असतात, पूर्ण पाकिटाच्या नव्हे. हे नातवंडांकडून नीट वाचून घ्या. २०२० सालापासून आपल्या देशात साखर, मीठ किंवा घातक चरबी जास्त असलेल्या पाकिटांवर लाल शिक्का असतो, तोही बघत जा.

तेलाची गोष्ट

तेलाची ओळख आपल्याला दुसऱ्या कोणी करून द्यायला नको. कोकणात आपले वाडवडील घाणे चालवत होते आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. पण त्या तेल्याचा दिवस कसा जात होता, ते आठवा. घाण्याचं काम, बैलांची उस्तवार, गावोगाव तेल घेऊन पायी फिरणं, शेतीचं काम. असा माणूस तेलात तळलेलं खाऊन पचवत होता. पुढे इथे आल्यावरही आपल्या माणसांनी कष्ट कमी नाही केले. दिमोनाला कापडाच्या कारखान्यांत उभ्याने पाळ्या केल्या, कोणी बांधकामावर गेलं, कोणी शेतावर. आता पेन्शन सुरू झाली, लिफ्ट आली, बस दारात येते. खर्च उतरला, पण कढईतलं तेल मात्र पूर्वीच्याच हाताने पडतं आहे.

बालमित्रांनो, हे गणित तुम्ही करा. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९२० ग्रॅम. एका ग्रॅमला ९ कॅलरी. उत्तर आलं ८२८०. आजी-आजोबा दोघंच घरात आणि बाटली पंधरा दिवसांत संपते, तर रोज एकाच्या वाट्याला किती? ८२८० भागिले १५ भागिले २, म्हणजे २७६. मावशींच्या चालण्याच्या दुपटीपेक्षा जास्त! बाटली तीस दिवस पुरवली तर रोज १३८ प्रत्येकी वाचतात. तेव्हा बाटली उघडली की तिच्यावर तारीख लिहून ठेवा. हा सर्वांत सोपा हिशोब आहे, यात वाटी-चमचाही मोजायला नको.

आपल्या रश्श्याचंही तसंच. मांसाबरोबर दूध-दही चालत नाही, म्हणून आपल्या बायकांनी नारळाच्या दुधात कालवणं केली आणि काय चव आणली! ती सोडा असं आम्ही कधी म्हणणार नाही. पण पहिलं घट्ट दूध थोडं आणि दुसरं पातळ दूध जास्त, असं प्रमाण धरलं तर चव राहते आणि हिशोबही जमतो.

आणि मलिदा? पोहे, खोबरं, साखर, बदाम-पिस्ते धरून एका वाडग्याच्या ४०० कॅलरी सहज होतात. पण मलिदा नवसाचा पदार्थ आहे, तो मोजून खाऊ नये. एलियाहू हन्नबीचं नाव घेऊन सगळ्यांबरोबर खावा. तसंच शब्बाथचं. शब्बाथला वजनकाटा आणि पेन्सिल दोन्ही बाजूला राहू द्या. म्हणूनच आम्ही आठवड्याचा हिशोब धरायला सांगतो. सहा दिवस ताट जागेवर असेल तर एका जेवणाने कोणी जाड होत नाही.

कमी खाण्याचा धोका

आता ज्यासाठी आज लिहायला बसलो, त्याकडे येतो. जास्त खाणाऱ्याला सगळे टोकतात. कमी खाणाऱ्याचं मात्र कौतुक होतं. "बघा, आजोबा किती बारीक झाले, चालतात ना रोज!" पण सत्तरीनंतर वजन उतरतं तेव्हा नुसती चरबी जात नाही, मांसही जातं. मांडीचं मांस गेलं की खुर्चीवरून उठताना हाताचा आधार लागतो, जिना जड जातो, न्हाणीघरात तोल जातो. एकदा पडून मांडीचं हाड मोडलं की पुन्हा पहिल्यासारखं चालणं पुष्कळांच्या नशिबी येत नाही.

समजा एक आजोबा ७८ वर्षांचे, उंची १६५, वजन फक्त ५२ किलो. एकटेच राहतात. सूत्राने त्यांचा पडून राहण्याचा खर्च ११६६ येतो आणि चालणं-फिरणं धरून १६०० च्या आसपास. पण खातात काय? सकाळी चहा-बिस्किटं, दुपारी एक चपाती-भाजी, रात्री पुन्हा चहा आणि पावाचा तुकडा. हे हजाराच्या आतच राहतं. या आजोबांनी चालणं वाढवायच्या आधी जेवण वाढवलं पाहिजे. त्यांच्यासाठी तेलाचा चमचा, तेखिना, खजूर, केळं हे औषधच आहे. बांधवांनो, असे एकटे आजोबा तुमच्या इमारतीत असतील तर एक डबा पोहोचवा. आमच्या दहा लेखांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

ज्यांना वजन खरोखर कमी करायचं आहे, त्यांनीही आपल्या आकड्यातून रोजचे दोनशे-अडीचशेच कमी करावेत. मावशींनी १४५० वरून १२५० वर यावं, त्याखाली स्वतःच्या मनाने जाऊ नये. त्यापेक्षा कमी करायचं असेल तर कुपत होलिमच्या दिएतानितला विचारून करा. ती सोय तिथे आहे, तिचा उपयोग करा.

कॅलरीबरोबर प्रथिनंही बघा. पासष्टीपुढच्या निरोगी माणसाने वजनाच्या दर किलोला रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं घ्यावीत, असं या विषयातले तज्ज्ञ सांगतात. ६४ किलोच्या मावशींना ६४ ते ७७ ग्रॅम लागतील. ज्यांच्या मूत्रपिंडाला त्रास आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये.

मावशींचा एक दिवस असा जाऊ शकेल. सकाळी अर्धा पिता, दोन अंडी, शंभर ग्रॅम कॉटेज, एक लहान चमचा तेल घातलेली कोशिंबीर : ४१५. दिवसभरात तीन कप चहा, प्रत्येकी एक चमचा साखर : १२०. दुपारी दोन चपात्या, मासळीचं कालवण आणि एक भाजी : ५३०. संध्याकाळी एक सफरचंद : ८०. रात्री अर्धी वाटी भात, वाटीभर वरण, एक लहान दही : ३४०. एकूण १४८५, आणि प्रथिनं ७५ ग्रॅमच्या आसपास. यात उपाशी राहण्यासारखं काही आहे का, तुम्हीच सांगा!

साखरेच्या आजाराच्या वाचकांसाठी

हे दोनदा वाचा. जे इन्सुलिन घेतात, किंवा ग्लिमेपिराइडसारख्या इन्सुलिन वाढवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी उपाशीपोटी लांब चालायला जाऊ नये. औषध तेवढंच, खाणं कमी आणि चालणं जास्त झालं, तर रक्तातली साखर एकदम खाली जाते. हात थरथरतात, घाम सुटतो, डोकं गरगरतं, बोलणं अडखळतं. अशा वेळी लगेच बसा, तीन लहान चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासा. कमीच असेल तर पुन्हा तेवढीच घ्या. चालायला जाताना खिशात साखरेच्या पुड्या आणि आपल्या औषधांची चिठ्ठी ठेवा. नियमित व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा, म्हणजे ते औषधाचं माप बदलायचं का ते ठरवतील. ते आपण घरी ठरवायचं नाही.

दारफाळणीच्या सणाच्या उपासाचंही तेच. या औषधांवर असलेल्यांनी आठवडाभर आधी डॉक्टरांना आणि रब्बींना विचारून ठेवावं. जीव वाचवणं हे आपल्या धर्मात फार वरचं आहे.

बालमित्रांनो, आता तुमचं

वरचं सूत्र मोठ्यांसाठी आहे. तुम्ही ते स्वतःला लावायचं नाही, आणि स्वतःच्या कॅलरीही मोजायच्या नाहीत. का? कारण तुम्ही वाढत आहात. हाडं लांब होतात, रक्त वाढतं, मेंदू वाढतो, त्या सगळ्याला अन्न लागतं. बारा वर्षांच्या, खेळणाऱ्या-धावणाऱ्या मुलाला दिवसाला २२०० च्या आसपास कॅलरी लागतात, मुलीला २००० च्या आसपास. म्हणजे तुम्हाला आजीपेक्षा पाचशे-सातशे जास्त, आणि आजोबांपेक्षाही जास्त! आता कळलं ना, आजी तुमच्या ताटात आणखी एक भाकरी का वाढते?

तुमचं काम सोपं आहे. रोज तासभर खेळा, भूक लागेल तेवढं घरचं जेवा, बांबाची मोठी पिशवी एकट्याने संपवू नका. वर्गात कोणी 'जाडा' म्हणालं म्हणून जेवण सोडायचं नाही. मैत्रीण जेवण सोडत असेल तर आईला किंवा बाईंना सांगा. ही चहाडी होत नाही.

आता आजचा गृहपाठ. आजी-आजोबांना भिंतीला पाठ लावून उभं करा, उंची मोजा. वजन घ्या. वर दिलेलं सूत्र मांडून त्यांचा आकडा काढा आणि मोठ्या अक्षरात कागदावर लिहून फ्रिजला लावा.

हिशोब बरोबर की चूक, कसं ओळखायचं?

कुठलंही सूत्र अंदाजच देतं. दोन माणसांचं वय-वजन-उंची सारखी असली तरी शंभर-दीडशे कॅलरींचा फरक पडू शकतो. खरा निकाल काटा देतो. दर शुक्रवारी सकाळी, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन घ्या आणि कॅलेंडरवर लिहा. एका आठवड्यावरून घाबरू नका, चार आठवडे बघा. वजन जागेवर असेल तर तुमचं खाणं आणि चालणं जुळलं. वाढत असेल तर तेल आणि साखर बघा. काही न करता उतरत असेल, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे सहा महिन्यांत तीन किलो गेले असतील, तर खूश होऊ नका, डॉक्टरकडे जा.

काट्याबरोबर आणखी एक परीक्षा घ्या. छातीवर हात बांधून खुर्चीवरून उठता येतं का? पूर्वी येत होतं आणि आता येत नसेल, तर वजन कितीही छान दिसू दे, शरीराला जेवण आणि ताकदीचा व्यायाम दोन्ही कमी पडत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलं आहे की मोठ्या माणसांनी आठवड्याला निदान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करावा, दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा, आणि पासष्टीपुढच्यांनी तीन दिवस तोल सांभाळण्याचाही. नुसतं चालून भागत नाही.

खुर्चीवर बसून आणि स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून करता येतील असे ताकदीचे सहा व्यायाम आम्ही पुढच्या अंकात देऊ. तोपर्यंत हिशोब मांडा, तेलाच्या बाटलीवर तारीख घाला, सकाळच्या गारव्यात चाला, पाणी भरपूर प्या आणि वेळेवर जेवा.

देव तुम्हा सर्वांना आयुरारोग्य देवो. शालोम!